माझं नाव फक्त कळशीवर

गेल्या दिवाळीनंतर आमचं बेल्ह्याचं घर आवरायला काढलं. आवरायला म्हणजे विकायला. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं दगडमातीचं घर आहे. पुढं ओसरी, आत माजघर, माजघरात धान्याचं बळद, मागं परस. त्यात आता मी एकटीच. थोरला नवी मुंबईला, धाकटा मोशीला, लेक संगमनेरकडं दिलेली. (‘दिलेली’ लिहिताना हात अडखळला. पण जन्मभर तोंडात बसलेला शब्द आहे, राहू दे तसाच. आपण कुठून आलो ते त्यातून दिसतं.) मी धाकट्याकडं जायचं, त्याच्या दोन खोल्यांत माझी एक कॉट आणि एक कपाट बसेल, असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. मला फोनवर कळलं.

कारण बिबट्याचं सांगतात. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडात बिबट्या आहे हे खोटं नाही. माणसं गेली, लेकरं गेली, शेळ्या-वासरांची तर मोजदादच नाही. पण बिबट्या काही आज आलेला नाही, आणि मी एकटी राहते तेही २०१९ पासून. इतकी वर्षं रात्री फोन करून ‘आई, दार लावलंस का’ असं कुणी विचारलं नाही. कल्याण-अहिल्यानगर रस्त्याकडंच्या जागांना भाव आला, कुणी तरी गाळे काढायला जागा मागितली, आणि मग एकाएकी सगळ्यांना बिबट्या दिसायला लागला.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार असतो. बैलांच्या बाजारासाठी आमचं गाव लांबलांबपर्यंत माहीत आहे. अशाच एका सोमवारी थोरल्यानं मोडवाल्याला घरी आणलं. माजघरातली भांडी ओसरीवर आणून ओतली. दोन हंडे, घंगाळ, पाणी तापवायचा बंब, तीन पराती, सहा पितळ्या, तांबे, गडवे, एक कळशी. तांबं वेगळं, पितळ वेगळं, काट्यावर चढायला लागलं. मी आत चहा टाकत होते. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काट्यावर माझी कळशी होती.

त्या कळशीवर माझं नाव आहे. माझं म्हणजे आईबापांनी ठेवलेलं. १९६६ साली लग्न झालं आणि सासरी ते बदललं. तेव्हापासून रेशनकार्डावर, मतदार यादीत, अंगणवाडीच्या हजेरीपटावर दुसरंच नाव आहे. आता मलाही कुणी जुन्या नावानं हाक मारली तर मी वळून बघणार नाही. पण लग्नाच्या आधी आई बाजारात नाव घालणाऱ्यापुढं जाऊन बसली आणि म्हणाली, पोरीचं नाव घाला. तो म्हणाला, बाई, देणाराचं नाव घालायची रीत आहे. आई म्हणाली, देणारी मीच आहे, मी सांगते ते घाल. छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांनी काढलेली ती अक्षरं आहेत. शेवटचं अक्षर घासून घासून झिजलंय.

बाकीच्या भांड्यांवर कुणाची नावं आहेत ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट वाचलं. हंड्यावर थोरल्या भावाचं, घंगाळावर चुलत्यांचं, परातीवर मामांचं. खाली तारीख. देणारे सगळे पुरुष. पन्नास वर्षं चिंच आणि राख लावून मी पुरुषांची नावं चकचकीत ठेवली.

मी कळशी काट्यावरून उचलली. थोरला म्हणाला, “आई, एका कळशीचं काय घेऊन बसलीस? फ्लॅटमध्ये नळाला चोवीस तास पाणी आहे.”

आता एक साधी गोष्ट सांगते. लग्नात बाईला माहेरहून आणि सासरहून जे काही तिला म्हणून मिळतं, ते स्त्रीधन. ते तिचं एकटीचं, नवऱ्याचं नाही, सासूचं नाही, मुलाचंही नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणींच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. सासरच्यांकडं स्त्रीधन असलं तरी ते ठेव म्हणून असतं, ती ठेव गिळली तर फौजदारी गुन्हा होतो, असा तो निकाल आहे. म्हणजे ओसरीवर ओतलेल्या त्या भांड्यांतलं निम्मं सामान माझं होतं. काटा लावण्याआधी मला विचारायला हवं होतं. माझा मुलगा वाईट नाही. त्याला खरोखरच सुचलं नाही. घरातल्या वस्तू आईच्या हातात असतात, म्हणून त्या आईच्या असू शकतात, हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलंय? मी तरी कुठं शिकवलं!

जात्याचंही तसंच. जातं कुणी घेईना. मोडवाल्याला दगड नको, सुनेला बाल्कनीत जागा नाही. नात म्हणाली, हॉटेलवाले घेतात शोभेला. ऐकून हसले, पण नंतर वाईट वाटलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर झाल्या. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही त्यांनी टिपून ठेवलं, हे मला सगळ्यात मोठं काम वाटतं. बाईनं पहाटे उठून केलेल्या कामावर तिचं नाव पडलं, असं आमच्या पिढीत फार कमी झालं. माझ्या बाबतीत सांगते.

आमचे हे मुंबईला गिरणीत होते. दीरभावजय नव्हते, चार एकर जिरायत आणि म्हातारे सासरे माझ्या गळ्यात. पेरणी, खुरपणी, बाजरीची काढणी, कांद्याची लागण, सगळं मी केलं. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. हे गावी आले ते कायमचे. मग दोन जर्शी गाई घेतल्या. धारा मी काढायची, वैरण मी आणायची, किटली डोक्यावर घेऊन डेअरीत मी जायची. डेअरीचं कार्ड ‘मालकां’च्या नावावर. नवऱ्याला आम्ही मालक म्हणायचो त्याचा अर्थ तिथं कळला. त्या दुधाच्या पैशातून मागच्या परसात संडास-न्हाणी बांधली, स्वैपाकघरात फरशी घातली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर त्यांच्याच नावे. १९८५ पासून २०१२ पर्यंत मी अंगणवाडीत काम केलं. त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. मानाचं धन, म्हणजे मान द्यायचा आणि धन हातचं राखून ठेवायचं.

२००३ साली हे गेले. वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून दोन्ही मुलगे चढले. मी आणि लेक उजव्या बाजूला ‘इतर हक्क’ या रकान्यात. ज्यांनी सातबारा नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, कूळ, वहिवाट असलं सगळं असतं. चाळीस वर्षं जी जमीन कसली तिच्यावर मी आणि माझी पोटची पोर सोसायटीच्या कर्जाच्या शेजारी जाऊन बसलो. मला तेव्हा कळलं नाही. नाव लागलं एवढ्यावरच समाधान मानलं.

भांड्यांच्या दुसऱ्या दिवशी थोरल्यानं कागद काढला. हक्कसोडपत्र. टाईप करून आणलेलं, माझं नाव, लेकीचं नाव, खाली सहीची जागा. “घेणाराला टायटल क्लिअर पाहिजे, आई. ताईला मी सांगितलंय, ती येतेय उद्या. रजिस्टर कचेरीत अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर आपण सगळे ओझरच्या गणपतीला जाऊन येऊ.” म्हणजे गणपतीसुद्धा कार्यक्रमात होता.

लेक आली. तिला तिचा भाऊ म्हणाला, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो. ती माझ्याकडं बघायला लागली. आई म्हणेल तसं.

इथं मी थांबून दुसरी गोष्ट सांगणार आहे, कारण त्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही.

बळदाशेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुने कागद होते. घर आवरताना ते मीच निवडत होते. त्यात १९८६ सालच्या फेरफाराची नक्कल सापडली. सासरे १९८५ ला गेले, सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. वारस दोनच, आमचे हे आणि माझी नणंद. १९५६ च्या कायद्यानंसुद्धा वडिलांच्या हिश्शात लेकीला वाटा होता. चार एकरांतला एक एकर वन्संचा होत होता. त्या फेरफारावर लिहिलंय की बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नाव कमी केलं. खाली वन्संचा अंगठा. त्या अंगठ्यापर्यंत त्यांना हाताला धरून कुणी नेलं? मी. घरी त्या दिवशी पुरणपोळी कुणी केली? मी. जाताना खण-नारळ आणि लुगडं कुणी दिलं? मीच. ‘वन्सं, भावाला पारखं करू नका,’ हे शब्द माझे आहेत.

१९९१ साली वन्संचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी घराबाहेर काढलं. एक पिशवी घेऊन त्या बेल्ह्याला आल्या आणि ओसरीच्या कडेच्या खोलीत २८ वर्षं राहिल्या. आमच्याकडं राहिल्या, असं गाव म्हणायचं. आम्ही सांभाळलं, असं आम्ही म्हणायचो. त्या पहाटे उठून अंगण झाडायच्या, गाईचं शेण काढायच्या, माझ्या पोरांची पोरं त्यांनी वाढवली. एकदा कशावरून तरी शब्दाला शब्द लागला तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, भावाच्या घरात राहताय तर भावाचं मन राखून राहा. त्या काही बोलल्या नाहीत. ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठल्या. भावाचं घर! त्या घरात आणि त्या रानात त्यांचा वाटा होता, तो आम्ही एका पुरणपोळीला घेतला होता. आणि मी तेव्हा अंगणवाडी सेविका होते, १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली तेव्हा आळेफाट्यावरून एसटी धरून गेले होते, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला हक्क मिळालाच पाहिजे म्हणून घोषणा देऊन घसा बसवून आले होते. घरच्या ओसरीवर बसलेली बाई मला दिसली नाही.

रजिस्टर न केलेल्या असल्या जबाबानं जमिनीचा हक्क सुटत नाही, असं पुढं एका शिबिरात वकीलबाईंनी सांगितलं. तेव्हाही मी घरी येऊन गप्प बसले. वन्सं २०१९ ला गेल्या. त्यांच्या खोलीत भाऊबीजेच्या साड्या घडी न मोडलेल्या निघाल्या. अकरा. तेहेतीस भाऊबीजांतल्या अकरा साड्या, काही नेसून फाटल्या असतील, काही वर्षं आम्ही दिल्याच नसतील. एक एकर जमिनीची ती किंमत.

म्हणून मैत्रिणींनो, ‘पुरुषांनी बायकांचा हक्क हिरावला’ असं लिहून हा लेख संपवणं मला जमणार नाही. कागद पुरुष आणतात. सही घ्यायला मात्र घरातली बाई पुढं करतात. लेकीला आई सांगते, नणंदेला भावजय सांगते. आपणच.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण उताऱ्यापुढं उभं राहिल्यावर तारखाच कामाला येतात. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ ला कायदा करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मापासूनचा हक्क दिला. देशाच्या अकरा वर्षं आधी दिला, याचा आपल्याला अभिमान होता, आम्ही पेढे वाटले. पण त्यात मेख होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. माझ्या लेकीचं लग्न १९९४ च्या मे महिन्यातलं! महिनाभर लग्न पुढं ढकललं असतं तर ती वारस, नाही तर पाहुणी. लग्न झालं की मुलगी घरातून पुसली जाते, हे पुरोगामी महाराष्ट्रानं कायद्याच्या पुस्तकात छापलं होतं. शिवाय राहत्या घराचा एक वेगळा काच होता. १९५६ च्या कायद्याचं कलम २३ सांगत होतं की भाऊ जोवर घराची वाटणी मागत नाहीत तोवर बहिणीनं मागायची नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाचा कायदा बदलला, लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला, कलम २३ ही गेलं. तरी वडील त्या तारखेला हयात हवे होते की नव्हते, यावर पंधरा वर्षं कोर्टात उलटसुलट चाललं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. आणि ‘तोंडी वाटणी कधीच झाली होती’ ही भावांची आवडती सबब सहजासहजी चालणार नाही, हेही सांगितलं.

विधवेचं काय, असं मला बायका विचारतात. ‘मुलांचंच आहे, ते देतील ते खायचं.’ त्यांना मी सांगलीच्या हिराबाई मगदूम यांची गोष्ट सांगते. नवरा खंडाप्पा १९६० साली वारले. मागं हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात दावा लावला, आपल्या मुलावर. नवरा जिवंत असताना वाटणी झाली असती तर चौघांत, म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलगे यांच्यात झाली असती. तेव्हा माझा एक चतुर्थांश आधी काढा. मग नवऱ्याच्या चतुर्थांशात आम्ही सहा वारस, त्यातला माझा एक चोविसांश. एकूण चोविसातले सात. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं हिराबाईंचा हिशोब बरोबर ठरवला. आज देशभरचे वकील हा निकाल दाखवतात. तेव्हा आमच्याकडच्या बायका काय म्हणाल्या असतील ते मला न सांगता ऐकू येतं. ‘पोटच्या पोरावर दावा लावला, कसली आई!’

हाच हिशोब मी माझ्या घराला लावून पाहिला. आता लेकही वाटेकरी. वाटणी पाच जणांत, मग नवऱ्याचा पाचवा हिस्सा आम्हा चौघांत. फिरून फिरून उत्तर एकच येतं. चौघांना सारखा, चौथा-चौथा हिस्सा. अंगणवाडीतल्या पोराला भाकरी वाटायला सांगितली तर तोही असाच वाटेल.

मग घरात जे बोलणं झालं ते तुमच्याही घरात होतं, म्हणून लिहिते. ‘ताईच्या लग्नात खर्च केला.’ केला, कर्ज काढून केला, आणि ते मांडवात, जेवणावळीत आणि जावयाच्या पोशाखात गेलं. ते ताईला मिळालं कुठं? मुलांच्या लग्नात खर्च झाला नव्हता का? तो कुणी त्यांच्या हिश्शातून वळता करत नाही. ‘जमिनीचे तुकडे पडतील.’ दोन भावांत पडतात तेव्हा ती वाटणी, बहीण आली की तेच तुकडे! आणि इथं तर घर विकून पैसेच वाटायचे आहेत. पैशाचे तुकडे पडत नाहीत. ‘आईला आम्ही सांभाळतो.’ सांभाळा की. पण माझ्या घराच्या पैशातून मोशीचं कर्ज फिटणार आणि त्याच फ्लॅटात मी वन्संसारखी कडेच्या खोलीत राहणार, याला सांभाळणं कोण म्हणतं? धाकटी सून यात काही बोलली नाही. पण रात्री भांडी घासताना हळूच म्हणाली, “आत्या, माझ्या माहेरी मी पण सही करून आलेय. मागच्याच वर्षी.” मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार.

सगळ्यात मोठी भीती मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही. माहेर तुटेल. ही भीती खोटी नाही. बाईला दोन घरं असतात असं म्हणतात. दोन्हीकडं तिचं काही नसतं, म्हणून एकीकडून हाकलली तर दुसरीकडं उभं राहता यावं एवढ्यासाठी ती वाटा सोडून माहेर राखते. मीही राखलं. माझ्या भावांना १९७९ साली मी सही देऊन आले. वाटा सोडून राखलेलं माहेर वन्संनाही होतं. आडवेळेला त्यांना ओसरीची कडेची खोली मिळाली, आणि वर उपकार.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द. दारूबंदी, मारहाण, हुंडाबळी यांवर आपण रस्त्यावर आलो, यायलाच हवं होतं. जमिनीच्या बाबतीत मात्र आपण नवऱ्याच्या मिळकतीकडं बोट दाखवलं आणि भावाच्या मिळकतीपुढं मऊ झालो. शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला लाखांनी बायका जमवल्या आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून पुरुषांना सांगितलं. १९९२ साली सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. पण त्यात नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज करायचा होता. २००३ ला घर दोघांच्या नावे करा असा आदेश आला, ग्रामपंचायतीनं तो फायलीला लावला. नवऱ्याची खुशी, ग्रामसेवकाची सवड, यांवर आपण तीस वर्षं वाट पाहिली. लेकीच्या हक्काला कुणाची खुशी लागत नाही, आणि नेमकी तिथंच आपण सही देऊन मोकळ्या होतो. शिबिराला आलेल्या बायकांना हात वर करायला सांगा, हक्कसोड कुणीकुणी दिलंय. मी एकदा विचारलं होतं. व्यासपीठावरचे हातही वर गेले.

आणि हे सगळं हिंदू कायद्याचं झालं. आमच्याच जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर मैत्रिणींना तो लागूच नाही, कारण त्या अनुसूचित जमातीतल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला याचा विचार करायला सांगितलं. त्या बायका धरणाखाली गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या यादीत कुठं असतात, हा वेगळा लेख आहे, तो त्यांच्यातल्या कुणीतरी लिहावा.

माझ्या पणतीची बातमी राहिलीच. ऑगस्ट २०२४ ला नातीला मुलगी झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, असा निर्णय सरकारनं केलाय. थोरला कौतुकानं सांगत होता, आई, बघ, आपल्या घरात कसं बदललं. माझ्या हातात तेव्हा त्यानंच आणलेलं हक्कसोडपत्र होतं. मी म्हटलं, नाव लावायचं ते फक्त नावातच लावणार का?

मी सही केली नाही. लेकीला म्हटलं, तू तुझं ठरव, पण आई म्हणते म्हणून करू नकोस. आई याआधी एकदा चुकीचं सांगून बसली आहे. मग तिला ट्रंकेतला फेरफार दाखवला. आत्याचा अंगठा तिनं बराच वेळ बघितला. त्या आत्यानं तिची वेणी घातली होती. तिनं कागद घडी करून भावाच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, “दादा, घर विकायला माझी ना नाही. चौघांच्या सह्यांनी विकू आणि चौघांच्या खात्यावर पैसे येऊ देत.” ओझरचा गणपती राहिला.

पुढं जे झालं ते गोड नाही. थोरल्याचा फोन येत नाही. घेणारा दुसरी जागा बघतोय असं गावात बोलतात. धाकटा मधल्या मध्ये. रोज फोन करतो, बिबट्याचं विचारतो, घराचं काढत नाही. शेजारची म्हातारी, माझ्याच वयाची, ओट्यावरून म्हणाली, “पोरांच्या संसारात माती कालवलीस बाई.” तिला काय सांगू? तिनंही दोन लेकींच्या सह्या घेतल्यात.

माझं आणि लेकीचं नाव इतर हक्कातून काढून कब्जेदारात घ्या, असा अर्ज आम्ही तलाठ्याकडं दिला. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलणं सरकारला फार सोपं जातं.) घराच्या नमुना आठसाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज. आणि मृत्युपत्र केलं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. माझ्या चौथ्या हिश्शाचं मृत्युपत्र करताना वन्संचा एक एकर डोक्यात होता. तो आता त्यांना देता येत नाही. गावातल्या दोन एकल बायका भाड्याच्या पडवीत राहतात. घर विकलंच तर माझ्या पैशातला काही भाग त्यांच्या डोक्यावरच्या छपरासाठी, असं लिहिलंय. मुलांना हे अजून सांगितलेलं नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला तर इथंच कळेल.

मोडवाला परवाच्या सोमवारी पुन्हा आला होता. बंब, घंगाळ आणि पराती मी स्वतः काट्यावर ठेवल्या, भाव ठरवला, पैसे माझ्या हातात घेतले. जातं पडवीतल्या त्या दोघींनी नेलं, डाळ भरडायला. अर्जाची नोटीस निघाली आहे, हरकतीला पंधरा दिवस आहेत. हरकत आली तर तारीख पडेल, तेव्हा लेक संगमनेरहून येणार आहे. कळशीत सध्या पिण्याचं पाणी आहे.